मंगेशच्या पाटावर

अक्तीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी पित्तर म्हणून जेवायला बसणं हे काही अवघड काम नव्हे. ज्या घरात वर्षभरात माणूस गेलेलं असतं, त्या घरची मंडळी शक्यतो त्याच वयाच्या कुणाला तरी बोलावतात, पाटावर बसवतात, कपाळाला गंध लावतात आणि गेलेला तोच समोर बसलाय असं मानून पोटभर वाढतात. बसणाऱ्यानं फक्त जेवायचं. पुरण, वडे, कढी, वर आंब्याचं पन्हं. असल्या कामाला लाखनीत कुणी नाही म्हणत नाही, आणि अमर तर वड्यांच्या नावानं चार घरं फिरून येणारा गडी.

तरी त्या दुपारी तो पानातला वडा नुसताच कुस्करत होता. कारण पाट मंगेशचा होता. शाळेपासूनचा मित्र. मागच्या पावसाळ्यात हायवे ओलांडताना ट्रकनं त्याला उडवलं, आणि रस्त्यावरून त्याला उचलणाऱ्यांत अमरही होता. आता त्याचीच आई समोर बसून हातपंख्यानं वारा घालत होती.

"खाय बापू, लाजू नोको," ललिताबाई म्हणाल्या. "तुले वडे आवडतेत ना, मंगेश... अजून एक घे."

पित्तराला मेलेल्याच्या नावानंच बोलवायचं, ही रीतच आहे. हे अमरला ठाऊक होतं, तरी प्रत्येक हाकेला त्याच्या मानेवर काटा येत होता. त्यानं वडा घेतला. मंगेशला खरंच आवडायचे.

तो हात धूत असताना ललिताबाई हळूच त्याच्याजवळ आल्या. "ते काम आजच करजो गा. तुमी खेळता तेथं त्याचा आवाज आहे म्हणत होता ना... तेवढा मले काढून दे. माह्या लेकराचा आवाज मी विसरून राहिली."

हे असं आहे, की अमर, मंगेश, राजकुमार आणि धर्मेंद्र कॉलेजात असल्यापासून 'गन व्हॅली' नावाचा गोळीबाराचा ऑनलाइन खेळ खेळत आले होते. तेव्हा अमरच्या दुकानात सायबर कॅफे होता. आता तिथं मोबाइल दुरुस्त होत. त्या खेळात आपल्या शिपायाला आपल्याच आवाजातलं एक वाक्य भरून देता यायचं. बटण दाबलं की ते सोबत्यांच्या कानात वाजे. मंगेशनं भरलं होतं, "थांबा रे, आलोच." तो कायम मागे राहायचा ना, म्हणून. त्याचा फोन ट्रकखाली चुरा झाला होता. जगात त्याचा आवाज उरला होता तो एवढाच, आणि वर्षभर न उघडलेली आयडी कंपनी पुसून टाके. तो आवाज आईला मिळवून द्यायचा, एवढंच अमरला त्या दिवशी करायचं होतं.

खेळ आता म्हातारा झाला होता. आठवड्याभरात ओळखीचं एक नाव दिसलं तरी पुष्कळ. बाकी सगळे बॉट, म्हणजे कंपनीनं रिकाम्या जागा भरायला सोडलेले यंत्राचे शिपाई. त्यावरून चौघांच्या, आता तिघांच्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज वाद पेटायचा. जेवतानाही अमरचा फोन खिशात थरथरत होता.

"सगळे बॉट होय बे," राजकुमार नागपूरहून बोलून पाठवी. "कालचा एक जण भिंतीले तोंड लावून उभा होता. माणूस असा उभा राहते का?"

"आपला मंगेश राहे," धर्मेंद्र म्हणे.

"मजाक सोड. कंपनीले काय पडली आहे? सालोसाल एक सुधारणा नाही. तक्रार केली तर मशीनच उत्तर देते. वरून आता म्हणते लोक सोडून गेले का त्यायची चालच बॉटले शिकवते. जुन्या माणसासारखे वाटले पायजे म्हणून."

"मंग आपुन गेल्यावर आपल्या जागेवर बी बसवन."

"बसवन ना. तुले कोठी पत्ता लागणार आहे?"

अमर यात फारसा पडत नसे. त्याला हे बॉट कधीकधी बरेही वाटत. रिकाम्या मैदानापेक्षा कुणीतरी पळतंय हे काय वाईट?

तो अंगणात उतरणार तोच शेजारच्या गिरजाबाईंनी हटकलं. रीतभातीत त्यांचा हात गावात कुणी धरत नसे. "थांब गा. पित्तर उठला का पहिले तोंडावर पाणी मारते, आपलं नाव घेते, मंग उंबऱ्याबाहेर पाय टाकते. तवरक दुसऱ्या कोण्या कामाले हात लावाचा नाही."

"हो मावशी, घेतो," अमर म्हणाला, आणि चप्पल पायात सरकवून निघालासुद्धा. राजकुमार आणि धर्मेंद्र खेळायला बसले होते, फोन पुन्हा थरथरत होता, आणि ऊन असं होतं की पाण्यासाठी मागे फिरायचा कंटाळा आला. मागून गिरजाबाई काहीतरी बोलल्या. ललिताबाई मात्र पाट पुसत होत्या.

वैशाखातली दुपार. गाव दारं लावून पडलं होतं. हायवेच्या कडेला ट्रक उभे होते, पण एकाही ट्रकखाली ड्रायव्हर झोपलेला दिसेना. डांबर उकलल्याचा वास येत होता आणि त्यात कुठूनतरी वाळत्या मोहफुलांचा गोडसर, आंबूस वास मिसळला होता. आपल्याच चपलांचा आवाज ऐकत अमर दुकानापर्यंत आला. शटर अर्धं वर करून वाकून आत शिरला आणि कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर त्यानं चालू केला.

मंगेशची आयडी टाकली, पासवर्ड टाकला. चौघांना चौघांचे पासवर्ड पाठ होते. जेवून उठल्यापासून त्याच्या हातून उमटलेलं पहिलं नाव ते, मंगेशचं. हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

पडद्यावर खेळाचं अंगण उघडलं. कुठल्यातरी जुन्या दिवाळीची तोरणं तिथं अजून लटकत होती; काढायला कंपनीत माणूस नसावा. मध्ये मंगेशचा शिपाई उभा होता, भिंतीकडे तोंड करून. अमरनं हेडफोन कानाला लावले, फोन हेडफोनच्या कडेला धरून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि बटण दाबलं.

"थांबा रे, आलोच."

तोच हसरा, थोडा धापलेला आवाज. अमरला रडू आलं. दुकानात कुणी नव्हतं, म्हणून त्यानं ते येऊ दिलं. मग डोळे पुसून रेकॉर्डिंग तपासलं. आवाज स्वच्छ आला होता. काम झालं होतं, तिथंच त्यानं कॉम्प्युटर बंद करायला हवा होता.

पण पडदा आपोआप बदलला. मंगेश त्यांच्या टोळीतला, त्यामुळे आयडी उघडताच खेळानं त्याला चालू डावात ओढून घेतलं होतं. मैदान होतं जुन्या खदानीचं. कानात राजकुमारचा आवाज आला.

"अबे... धर्मेंद्र. वर नाव पाह्य."

"मंगेश..." धर्मेंद्र म्हणाला. कानात खदानीतला वारा घोंगावत होता.

"घाबरू नोका बे, मी आहो," असं अमर हसत बोलला. निदान बोलायला गेला. पण हेडफोनमध्ये त्याला त्याचा आवाज ऐकू आला नाही. वाजलं ते असं, "थांबा रे, आलोच."

त्यानं बटणाकडे पाहिलं. बोट बटणावर नव्हतं.

"राजकुमार, मी अमर! काकीसाठी आयडी उघडली!"

"थांबा रे, आलोच."

"एकच वाक्य बोलून राहिला," राजकुमार दबक्या आवाजात म्हणाला. "बॉट आहे. कंपनीनं त्याले बी बॉट केला... मेलेल्या माणसाले तरी सोडा ना साल्याहो."

"पण माहीत नाही बे," धर्मेंद्र म्हणाला. "बॉट असा थांबून पाहत नाही. हा आपल्याकडे पाहून राहिला. मले वाटते, कोणीतरी आहे आत."

अमरनं जीव तोडून मान डोलावली, जणू त्यांना ती दिसणार होती. हो, आहे, धर्मेंद्र, मी आहे. त्यानं शिपायाला उड्या मारायला लावल्या, गोल फिरवलं, बंदूक खाली ठेवली. लिहून सांगायला गेला तर अक्षरं उमटेनात. हाताला पुरणाचा वास येत होता, आणि कपाळावरचं गंध घामानं ओघळून डोळ्यात झोंबत होतं.

तेवढ्यात कानात तिसरा आवाज आला. शांत, जेवून सुस्तावलेला.

"काहून डोकं लावून राहिले बे? बॉटच आहे."

तो अमरचा आवाज होता.

खदानीच्या उतारावरून एक शिपाई खाली येत होता. त्याच्या डोक्यावर नाव होतं, लाखनीचा अमर. दर वळणावर तो थांबून बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेई. ही अमरची खोड. सगळे त्यावरून त्याला चिडवायचे. तो मंगेशच्या शिपायासमोर येऊन उभा राहिला आणि पडद्यातून सरळ पाहत राहिला.

"तू जेवून आला का, अमर?" धर्मेंद्रनं त्याला विचारलं.

"हो ना. काकीनं पित्तर बसवलं होतं. वडे लय झाले." तो हसला. अमर हसतो तसंच, नाकातून. "याले काढून टाका. पाहून मन खराब होते."

बॉटला असलं काही सांगता येत नाही, हे राजकुमारला पक्कं ठाऊक होतं. मग त्याला वेगळं काय वाटणार होतं? तो आपल्या मित्राशी बोलत होता. पडद्यावर पाटी आली, या खेळाडूला बाहेर काढायचं का? एक मत पडलं. दुसरं पडलं. धर्मेंद्र थांबला. हेडफोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि अमर घसा फोडून ओरडत होता. धर्मेंद्रच्या कानात त्याचं काय पोचत होतं ते अमरला कळत होतं, तरी त्याला थांबवेना.

"माफ कर बे, मंगेश," धर्मेंद्र म्हणाला, आणि तिसरं मत पडलं.

अमर घरापर्यंत धावत गेला. अंगणात त्याची बायको, खुशबू, खाटेवर वाळत घातलेल्या कुरड्या उलटत होती. पावलं ऐकून तिनं वर पाहिलं आणि ओढणी डोक्यावर सारखी केली. परका माणूस दारात आला की ती तशीच करत असे.

"कोण पायजे जी?"

आपलं नाव सांगायला त्यानं तोंड उघडलं. नाव जिभेवर येईना.

"ते आत खेळून राहिले मोबाइलवर," ती म्हणाली. "बोलावू का?" मग तिची नजर त्याच्या कपाळावरच्या गंधाकडे गेली, आणि ती जरा नरमली. "ललिताकाकीकडचे पाहुणे का तुमी? ते घर मागच्या गल्लीत राह्यलं. भरल्या उन्हात फिरू नोका."

आतून नाकातलं हसू ऐकू आलं. "कोण आहे गं?" आणि खुशबूनं मागे वळून उत्तर दिलं, "कोणी नाही जी, वाट चुकले."

त्या हसण्याला ती इतक्या सवयीनं उत्तर देत होती, की अमर दोन पावलं मागे सरला. तो पायरीवरून खाली उतरला. कुठं जायचं हे त्यानं ठरवलं नव्हतं. गावात त्या वेळी एकच दार उघडं होतं.

पाट तिथंच होता. पळसाची नवी पत्रावळ मांडलेली होती. ललिताबाईंनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला, कानाला लावून एकदा तो आवाज ऐकला, आणि मग फोन बाजूला ठेवून दिला. आता तो नको असल्यासारखा.

"आला ना," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यात कपट दिसत नव्हतं. हेच त्याला सगळ्यात भयंकर वाटलं. "बस. आता कोठी जाऊ नोको."

"काकी..." त्याला एवढंच म्हणता आलं.

"काकी नाही म्हणाचं," त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "हळूहळू सवय होते. त्यायले बी झाली," त्या आतल्या खोलीकडे पाहून म्हणाल्या.

आतल्या खोलीत कुणीतरी खोकललं. त्या खोलीचं दार अमरनं आजवर कधी उघडं पाहिलं नव्हतं. ललिताबाईंचे मालक मधुकरराव तिथं शेवटची दुखणी काढून गेले, त्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांच्याही पाटावर पहिल्या अक्तीला कुणीतरी बसलं असणार. कोण बसलं होतं? अमर आठवू लागला, पण चेहराही येईना आणि नावही येईना.

दार बोटभर उघडलं. फटीतून आवाज आला, अगदी हळू. तो म्हाताऱ्याचा नव्हता.

"काकी... यंदा कोणाले बसवलं?"