फलकावरचे तीस दिवस

"सोमवारी सकाळी आठ वाजता माझं घर पाडणार आहेत," काकू म्हणाल्या, "आणि मला हे आज कळतंय."

तो गुरुवार होता. काकू ज्यांच्याकडे मदत मागायला आल्या होत्या, त्या खाजगी तपासनीसांनी वही उघडली. शेजारी बसलेल्या मास्तरांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. मास्तर म्हणजे निवृत्त गणितशिक्षक. चाळीस वर्षं पोरांच्या चुका काढल्या, आणि आता तपासनीसांबरोबर हिंडून रोज स्वतःच्या काढून घेत होते.

काकू कोपऱ्यावरच्या दोन खोल्यांत राहायच्या आणि तिथेच शिवणकाम करायच्या. रस्त्याचं वळण रुंद करायला पालिकेला तो कोपरा हवा होता. नोटीस पालिकेच्या फलकावर तीस दिवस लावली, कुणाचीही हरकत आली नाही, सबब जागा ताब्यात घेण्यात येत आहे, असं पत्रात लिहिलं होतं. पालिकेच्या पत्रात 'सबब' आला की समजावं, आपलं काही खरं नाही.

"नोटीस लागलीच नव्हती," काकू म्हणाल्या. "मी तो फलक रोज बघते. एक दिवस चुकवला नाही."

पालिकेचा फलक रोज बघणारं माणूस भूतलावर असेल हे मास्तरांना पटेना, आणि ते तसं बोलूनही गेले. मग काकूंनी जे सांगितलं ते ऐकून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहा महिन्यांपूर्वी काकूंचे यजमान दाढीचं ब्लेड आणायला म्हणून बाहेर पडले, ते परतलेच नाहीत. वर्षभर त्यांना विसर पडत चालला होता. भावाला ओळखेनात, मुलीचं नाव आठवेना. घर मात्र विसरले नव्हते. कुठेही भरकटले तरी पाय शेवटी त्या कोपऱ्याकडेच वळायचे. 'हरवले आहेत' म्हणून त्यांचा फोटो पालिकेच्या फलकावर होता. तो जागेवर आहे ना, एवढंच बघायला काकू रोज जायच्या.

"घरच नसलं तर हे येतील कुठे?"

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. नोटीस लागली नव्हती हे दाखवता आलं तर सुनावणी पुन्हा घ्यावी लागेल, असं तपासनीस म्हणाले. याहून जास्त धीर देणं त्यांना जमत नसे. काकू निघाल्या तेव्हा तपासनीसांनी एकच विचारलं, मध्यंतरी घरी एखादं पत्र आलं होतं का. काकू म्हणाल्या, एक आलं होतं, यांच्या नावाचं. पोस्टमनला सही यांचीच हवी होती. हे नाहीत म्हटल्यावर तो घेऊन गेला.

शुक्रवारी सकाळी दोघं पालिकेत गेले. मुख्याधिकारी बाईंनी फाइल स्वतः काढून दिली. बाई कडक होत्या, पण आडमुठ्या नव्हत्या.

"लागली नव्हती असं दाखवा, मी आजच्या आज पाडकाम थांबवते. मला फक्त कारण पाहिजे."

फाइलमध्ये वरच परत आलेलं पाकीट होतं. घर यजमानांच्या नावावर, म्हणून नोटीस त्यांच्या नावे गेली होती. पाकिटावर टपालाचा शेरा होता: इसम मिळून येत नाही.

"आम्हीही तेच म्हणतोय," मास्तर पुटपुटले.

पाकीट परत आलं की नोटीस फलकावर लावायची, असा नियम. ती नोटीसही फाइलमध्ये होती. मोठा कागद, चारही कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं. कडा चारी बाजूंनी पिवळ्या पडलेल्या आणि मधला भाग पांढराशुभ्र. त्या पांढऱ्या भागाच्या वरच्या टोकाशी आणखी दोन बारीक भोकं. खाली शिपायाचं प्रमाणपत्र: मागच्या महिन्याच्या एक तारखेला लावली, तीस तारखेला काढली.

तपासनीसांनी पांढरा भाग हाताने मोजला. एक वीत चार बोटं उंच, वीतभर रुंद.

"कागद कोरा करकरीत आहे," मास्तर त्यांच्या कानात म्हणाले. "याने ऊन पाहिलेलंच नाही. जिंकलो आपण."

"कडांनी पाहिलंय," तपासनीस म्हणाले.

जुनाच कागद वापरला असेल, असं मास्तरांनी मनाशी ठरवून टाकलं.

नोटीस लिहिणारा बांधकाम कारकून जावक वहीसकट हजर झाला. एक तारखेला सकाळी नोटीस शिपायाच्या हातात दिल्याची सही होती. तपासनीसांनी नोटीस वाचून बघितली. तिच्यात ना काकूंच्या यजमानांचं नाव, ना रस्त्याचं. जागेची हद्द सांगणारे बावीस आकडे, बस.

"हे वाचून कुणाला काय कळणार?"

"नमुनाच तसा आहे साहेब," कारकून थंडपणे म्हणाला. "नोटीस कळण्यासाठी नसते. लावण्यासाठी असते."

मास्तरांचा सगळा राग पालिकेच्या अध्यक्षांवर होता. वळणाच्या समोरच्या कोपऱ्यावर अध्यक्षांच्या मेव्हण्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. रस्ता तिकडून रुंद झाला असता तर ते गेलं असतं. आता हे कोडं सोडवायला गणित कशाला हवं! पण अध्यक्षांनी हसत हसत नकाशा पसरला. मेव्हण्याच्या बाजूला जमिनीखाली पाण्याची मुख्य वाहिनी होती, चाळीस वर्षांपूर्वीची. तिच्यावरून रस्ता न्यायला कुठलाच अभियंता तयार झाला नसता.

काकूंचं वाईट वाटतं, असं ते म्हणाले, आणि ते खरंच वाटत असावं. कामाचे कागद आपण निदान चाळतो, ते पुढे म्हणाले. माणुसकीचे अर्ज मात्र न वाचताच मंजूर करतो. काकूंचा फोटोचा अर्जही आपणच मंजूर केला होता. 'फलकाच्या मध्यभागी, ठळक जागी लावावा ही विनंती' असा काहीतरी होता.

फलक पश्चिमेच्या व्हरांड्यात होता. काचेचं दार, त्याला कुलूप. दुपार कलली होती आणि ऊन थेट काचेवर आलं होतं. आत निविदा, पाण्याच्या वेळा, जप्तीच्या याद्या इतक्या दाटीने लावलेल्या की मध्ये बोट शिरू नये. आणि बरोबर मध्ये, नजरेच्या उंचीवर, काकूंचे यजमान. डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर ओशाळं हसू, खाली कोपऱ्यावरच्या घराचा पत्ता.

तपासनीसांनी काचेवर, त्या फोटोवर, हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. त्यांना गलबलून आलं असावं असं समजून मास्तरांनी मान फिरवली.

फलकाची किल्ली शिपायाच्या कमरेला असे. नोकरी अठ्ठावीस वर्षं, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. काकू जेवतात का, हे त्याने आल्याआल्या विचारलं. त्याच्या लेकीच्या लग्नाचे कपडे काकूंनीच शिवले होते. पाडकामाचं पत्र नेऊन देण्याची वेळ त्याच्यावरच आली होती, आणि काकूंचा चष्मा सापडेना म्हणून वाचूनही त्यानेच दाखवलं होतं.

"हा फोटो आधीपासून इथेच?" तपासनीसांनी विचारलं.

आधी खाली कोपऱ्यात होता, शिपाई म्हणाला. तिथे कुणाच्या नजरेला पडणार? मागच्या महिन्याच्या दोन तारखेला काकूंनी नवा फोटो दिला, अर्जही मंजूर होऊन आला, तेव्हा वर घेतला.

"तेव्हाही फलक असाच भरलेला होता?"

"नेहमीच असतो."

"मग जागा करायला एखादा सरकारी कागद काढला असेल."

"छे! मुदतीआधी कागद काढला तर नोकरी जाईल माझी."

तपासनीसांनी मान हलवली आणि वही मिटली. घरी परतताना मास्तरांनी दोनदा विषय काढून पाहिला आणि नाद सोडला.

शनिवारी मुख्याधिकारी बाईंच्या खोलीत सगळे जमले. तुम्ही येऊ नका, असा निरोप तपासनीसांनी काकूंना पाठवला होता. तरी त्या आल्या आणि दाराजवळच्या खुर्चीत बसल्या.

"नोटीस उशिरा लागली असती," तपासनीस म्हणाले, "तर सगळा कागद पांढरा राहिला असता. वेळेवर लागून उघडी असती, तर सगळा पिवळा पडला असता. इथे फक्त कडा पिवळ्या आहेत. म्हणजे नोटीस फलकावर होती, उन्हातच होती. पण तिच्या मध्यावर दुसरा एक कागद होता. एक वीत चार बोटं उंच, वीतभर रुंद. त्याच्याच दोन टाचण्यांची ही भोकं."

"कुणी लावला तो?" मुख्याधिकारी बाईंनी विचारलं.

"दोन तारखेला एक कागद मध्यभागी लावायचा हुकूम निघाला. फलकावर तर बोटभर जागा नाही. आणि सरकारी कागद काढायची शिपायाला मुभा नाही. मग तो काय करेल? कुणीही वाचणार नाही असा कागद शोधेल आणि त्याच्यावर लावेल. बावीस आकड्यांचा कागद त्याला सापडला. काल मी काचेवर हात ठेवला तो मापासाठी. माप जुळलं."

मास्तरांच्या ध्यानात यायला अंमळ वेळ लागला. मग त्यांनी दाराकडे बघितलं.

काकूंना ते त्यांच्या आधीच कळलं होतं. "म्हणजे यांच्याच खाली होती," त्या म्हणाल्या. "आणि मी रोज यांनाच बघत होते."

शिपाई भिंतीला टेकून उभा होता. तीस तारखेला नोटीस काढायला फोटो बाजूला केला तेव्हाही त्याने ती वाचली नव्हती. काकूंना पत्र वाचून दाखवलं, तेव्हा त्यातले आकडे बघून त्याला फोटोखालचा कागद आठवला, मग कार्यालयात येऊन त्याने फाइल उघडली. "फोटो सगळ्यांना दिसावा म्हणून लावला हो," तो म्हणाला. "काय पाहिजे ते लिहून देतो. नोकरी गेली तरी चालेल."

मुख्याधिकारी बाईंनी फोन उचलला. जिल्हा कार्यालयाला त्यांनी सगळं दोनदा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं, विनवून सांगितलं. मग नुसतं ऐकत राहिल्या आणि फोन ठेवला.

"ते विचारतात, नोटीस टाचण्यांवर होती का? होती. तीस दिवस? तीस दिवस. मग लागली. नियमात 'लावावी' असं आहे, 'दिसावी' असं कुठेच नाही. वरचा कागदही मंजुरीनेच लावलेला, आणि अर्ज काकूंचाच." त्या काकूंकडे न बघता बोलत होत्या. "थांबवायला मला कारण हवं होतं. हे कारण उलटं पडलं."

न्यायालय सोमवारी अकराला उघडणार होतं. पाडकामाचं मशीन आठला येणार होतं. मास्तरांनी ही वजाबाकी तीन वेळा करून पाहिली.

बाहेर पडताना त्यांना राहवलं नाही. गप्प बसून नुसता पांढरा भाग दाखवला असता तर, असं त्यांनी विचारलंच.

"रात्रभर तोच विचार करत होतो," तपासनीस म्हणाले. "पण कडा पिवळ्या आहेत, मास्तर."

सोमवारी शिपायाने रजा टाकली आणि काकूंचं शिलाई मशीन, दोन ट्रंका, भांडी, सगळं एकट्याने रस्त्यापलीकडे आणलं. अध्यक्षांच्या मेव्हण्याने दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून दिली होती. मुलीकडे जायची गाडी दुपारी होती, पण काकू त्या गाडीने जाणार नाहीत हे सगळ्यांना दिसत होतं. त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

आठ वाजता मशीन आलं. पहिली भिंत खाली यायला फार वेळ लागला नाही. धूळ रस्ता ओलांडून इकडे आली.

"काकू, खुर्ची फिरवून घेतो," मास्तर म्हणाले. "तिकडे बघू नका."

"नको," काकू म्हणाल्या. "हे तिकडूनच येतील. घर दिसलं नाही तर पुढे निघून जातील."

मास्तर त्यांच्याशेजारी पायरीवर बसले आणि तेही रस्त्याकडे बघू लागले.