खडकोशीची नीलपट्टी

त्या काळात डोंगरखोऱ्यांचे मालक पंखांवरून ठरत. स्वतंत्र जातीचं फुलपाखरू सापडलं की खोरं त्याचं आणि माणसांनी चंबूगबाळं आवरायचं, असा कायदाच होता. डॉ. शर्मिष्ठा कानविंदेने पंखावरचा निळा पट्टा पाहून ‘खडकोशीची नीलपट्टी’ ही नवी जात जाहीर केली आणि अख्खं खडकोशी गाव उठलं. एवढं करून फुलपाखरं मात्र वर्षागणिक घटतच गेली.

मग जनुकवाचक आला. फुलपाखराच्या एका पायावरून हे यंत्र त्याचा आनुवंशिक मजकूर वाचतं. दोन मजकुरांत ठरावीक अंतर पडलं, म्हणजे ‘जातिरेषा’ ओलांडली, तरच जात वेगळी. नीलपट्टीचा मजकूर गावोगावच्या साध्या लिंबाच्या फुलपाखराशी जुळला! पट्टा वंशातला नव्हताच, अळीच्या खाण्यातला होता. प्रयोगशाळेत अळीला खडकोशीच्या ईडलिंबाचा पाला चारला की तो उमटे, एरवी नाही. आणि ती ईडलिंबं वाढायची गावाच्या परसात, न्हाणीच्या पाण्यावर. शर्मिष्ठाला स्वतःचीच लाज वाटली.

हे सांगायला ती उठवलेल्या गावाच्या नव्या वसाहतीत हौसाबाईंकडे गेली. गावाने पाखराला जागा दिली, याचा म्हातारीला कोण अभिमान! दरवर्षी ती शर्मिष्ठाची ओटी भरायची.

“आलीस व्हय? आमचं पाखरू कसं हाय?”

“मावशी, ते वेगळं नव्हतंच. साधंच आहे. मी नुसते पंख बघून घाई केली.”

“पर निळं व्हतं की!”

“तुमच्या ईडलिंबांमुळे. तुम्ही गेलात, न्हाणीचं पाणी थांबलं, झाडं वाळली. अळ्यांना पाला उरला नाही.”



“म्हंजी आमी व्हतो म्हून ते व्हतं?”

“हो.”

“मग आमाला उठिवलं कशापायी, बाय?”

धरणीने पोटात घ्यावं, असं शर्मिष्ठाला झालं. “आता खडकोशीवरचा कायदा उठेल,” ती कशीबशी म्हणाली, “परत जाता येईल.”

“कुटं? घरं तर सपाट केलीसा. पोरं पांगली.”

शर्मिष्ठा जायला उठली, तशा हौसाबाई आत जाऊन कुंकू, तांदूळ, नारळ घेऊन आल्या.

“आज नको, मावशी. माझी लायकी नाही.”

“दारात आल्याली सवाशीण तशीच धाडू व्हय? गावाचं येवडंच ऱ्हायलंय आमच्यापाशी. धर.”

शर्मिष्ठाने ओढणी पसरली. मान वर करायची तिची छाती झाली नाही.