खाडीकडचा दरवाजा

ज्यांना पुरावेच हवेत त्यांनी इथेच थांबावं. माझ्याकडे पुरावा नाही. माझ्याकडे फक्त माझी मावसबहीण अनुपमा आहे. ती आर्किटेक्ट आहे, पुण्याची आहे, आणि भुतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला ती पहिल्या वाक्यातच गप्प करते. तिने हे मला रडत सांगितलं. मी तिला आयुष्यात त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

गेल्या वर्षीच्या जुलैतली आहे. भर दुपारची. जागा, दुबई-शारजापलीकडचं उम्म अल कुवैन.

अनुपमा शारजाला अल मजाजमध्ये राहते. नवरा निखिल, मुलगी सृष्टी. रोज सकाळी ती गाडी काढून उम्म अल कुवैनला जायची, कारण तिथे खाडीच्या काठावर एक जुनं घर होतं.

काय घर होतं ते! मोत्यांच्या एका व्यापाऱ्याने शंभरेक वर्षांपूर्वी बांधलेलं. त्याचे पाणबुडे याच खाडीतून समुद्रात जायचे, आणि सगळेच परत यायचे नाहीत. भिंती समुद्रातून काढलेल्या पोवळ्याच्या दगडांच्या, वर हात फिरवून केलेला पांढरा गिलावा. गच्चीवर वारा खाली ओढणारा मनोरा. सागवानी दारं आपल्या मुंबईहून गलबतातून आलेली. मधे कधीतरी कुणीतरी शहाण्याने सगळ्यावर सिमेंट थापलं, आणि मग आतल्या आत खारी ओल धरून भिंती कुजायला लागल्या.

खाडीकडची बाजू सर्वात वाईट होती. पुरातत्त्व खात्याच्या इन्स्पेक्शनच्या आधी ती सावरली गेली नाही, तर पाडायची आणि तिथे काँक्रीटचं तसंच दिसणारं बांधून कॅफे काढायचा, असं ठरलेलं होतं.

"तसंच दिसणारं!" अनुपमा फोनवर माझ्यावरच ओरडायची. "उद्या माझ्या जागी माझ्यासारखी दिसणारी आणून बसवा म्हणावं!"

तीन वर्षं तिने या घरासाठी भांडण केलं होतं. खात्याशी, कंत्राटदाराशी, मालकाशी. शेवटी खातं एका अटीवर कबूल झालं. जुन्या फोटोत खाडीकडच्या खोलीला पाण्यात उतरणारा एक दरवाजा दिसत होता. आता तिथे नुसती भिंत होती. तो दरवाजा उघडा, भिंतीला श्वास घेऊ द्या, आणि घर पास.

मालक म्हणजे त्या व्यापाऱ्याचा नातू. सभ्य माणूस. अनुपमाने त्याला फोटो दाखवला.

"तिथे दरवाजा नाही, मॅडम," तो हिंदीत म्हणाला. "कधीच नव्हता."

"हा काय मग?"

त्याने फोटो उलटा करून तिच्याकडे परत सरकवला...

"करा," म्हणाला. "पण लवकर. यल्ला." आणि निघून गेला. त्यानंतर काम चालू असेपर्यंत तो त्या घरात आला नाही.

साइटचा सुपरवायझर होता धनंजय, मालवणकडचा. त्याच्या माणसांनी सकाळी सिमेंट फोडलं, मागचे दगड काढले. माणूस वाकून जाईल एवढी वाट झाली. पलीकडे पायऱ्या, आणि पायऱ्यांखाली खाडीचं हिरवं पाणी.

मग दुपारची सुट्टी झाली. इथे उन्हाळ्यात भर उन्हात काम करायला कायद्याने बंदी आहे. सगळे जण रस्त्यापलीकडच्या एसी कंटेनरमध्ये जाऊन आडवे झाले. घराला कुलूप.

सुट्टी संपली. कुलूप काढलं.

वाट बुजलेली होती...

दगड जागच्या जागी. वरून ओला गिलावा. आणि त्या गिलाव्यावर हातांचे ठसे. एकावर एक, शेकडो. लहान हात, बारीक बोटं. बाईचे असावेत तसे.

अनुपमा घाबरली असं वाटलं? छे! ती भडकली.

"धनंजय, हा काय फाजीलपणा आहे?"

"मॅडम, मी सगळ्यांना विचारलं. कोई नहीं गया अंदर. सब सो रहे थे. मी स्वतः कंटेनरच्या दाराशी होतो."

"मग मी केलं का?"

पुन्हा फोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. अनुपमाला रडू येईल इतका राग आला होता, आणि त्यात भर म्हणजे तो गिलावा सुरेख होता. जुन्या पद्धतीचा, तसाच दाणा, तसाच रंग. हे मिश्रण करणारा कारागीर शोधत ती रास अल खैमापर्यंत हिंडून आली होती आणि हात हलवत परतली होती.

घरी निखिल हसला. "अगं, कुणीतरी फुकटात तुझं काम करतंय. करू दे की."

"चुकीचं काम करतंय!"

"मम्मा, जस्ट पुट अ कॅमेरा ना," सृष्टी मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली.

कॅमेरा लावला. फिल्ममध्ये रिकामी खोली. वाटेतून येणारं ऊन जमिनीवर पडलेलं. बराच वेळ काहीच नाही.

मग आवाज...

थप.

थप.

थप.

आणि जमिनीवरचं ऊन अरुंद होत गेलं. वाटेशी कुणी नव्हतं. ऊन मात्र कमी कमी होत, मिटलं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः आत बसली. तिचं म्हणणं होतं की कॅमेऱ्याला कुणीही फसवेल, मला कोण फसवतंय बघू. खोलीत ओल्या चुन्याचा वास यायला लागला. वारा पडला.

थप...

समोर, हवेतून आल्यासारखा, दगडावर ओला गोळा चिकटला. त्यावर पंजा उमटला. पाच बोटं. मग दुसरा. हात दिसत नव्हते. घाई मात्र दिसत होती. जो कोणी होता, तो फार घाईत होता.

"अहो, पुरे झालं आता!" अनुपमा किंचाळली. "माझं घर पाडतील ते! कळतंय का तुम्हाला?"

थप थप थप. आणखी जोरात.

ती बाहेर आली ती शिव्या देतच. इन्स्पेक्शन तीन दिवसांवर आलं होतं.

"धनंजय, तुमच्याकडे गाऱ्हाणं घालतात ना? जागेच्या राखणदाराला?"

धनंजयचा चेहरा उजळला. तोही या प्रकाराला पुरता विटला होता. "घालतात ना मॅडम! माझे काका घालायचे. मला येतं. नारळ आणतो."

"त्याला जा म्हणून सांगा."

तो अडखळला. "जा म्हणून नाय सांगत, मॅडम. सांभाळून घे म्हणतात. आमच्यावर लक्ष ठेव म्हणतात."

"लक्षच तर ठेवतोय मेला! त्याला रजा द्या. खलास."

धनंजयने डोकं खाजवलं. पण साइट सुटावी असं त्यालाही वाटत होतं. इथे लोकांच्या घरात असलं काही करायचं म्हणजे गुपचूप करायला हवं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्या बुजलेल्या दरवाजासमोर त्याने नारळ ठेवला, छाती फुगवली आणि दबक्या आवाजात सुरुवात केली.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या घराची तू आजपर्यंत राखण केलंस. आता आमचां काम होऊं दी. तू दमलंस. तुका आता रजा आसा. सुखान जा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," अनुपमा म्हणाली. तिची आई कुडाळची. एवढं तिला माहीत होतं.

खोली शांत होती. मग त्या ओल्या गिलाव्यावर, अगदी सावकाश, एक पंजा उमटला...

आणि घसरत खाली आला. भिंतीच्या तळापर्यंत.

त्यानंतर थप आवाज आला नाही. संध्याकाळी वाट फोडली, ती रात्रभर उघडी राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारीही उघडीच. अनुपमाने साइटवर सगळ्यांना बिर्याणी दिली. धनंजय मिशीवर ताव देत हिंडत होता.

इन्स्पेक्शन झालं. खात्याची माणसं दरवाजात उभी राहून खाडीचे फोटो काढत होती. घर पास झालं. नुसतं पास नाही, संरक्षित वास्तू म्हणून त्याची नोंद झाली. अनुपमा म्हणते, त्या क्षणी तिला वाटलं, आता आपल्याला आयुष्यात दुसरं काही नको.

सगळे गेले. ती खोली बंद करायला एकटी मागे राहिली. दुपारच होती. ओहोटी लागली होती आणि पायऱ्या एकेक करून पाण्याबाहेर येत होत्या.

सगळ्यात खालच्या पायरीवर पाणी हललं...

चप.

तिला वाटलं, मासा.

चप. वरच्या पायरीवर.

मग उंबऱ्यावर ओलं पाऊल उमटलं. बोटं आतल्या दिशेला. त्याच्यामागे दुसरं. मोठी, अनवाणी पावलं, आणि त्यांतून पाणी निथळत होतं. ती अनुपमाच्या अगदी जवळून गेली. तिच्या उजव्या हातावर गार हवा आली आणि तोंडात मिठाची चव आली. पावलं खोली ओलांडून अंगणात, अंगणातून आतल्या अंधाऱ्या खोल्यांकडे गेली.

एका माणसाची नव्हती. मागून आणखी येत होती...

ती कशी पळाली, गाडी कशी चालवली, तिला आठवत नाही. अल मजाजच्या पार्किंगमध्ये निखिलने तिला स्टिअरिंगवरून सोडवून घरी नेलं.

आता ते घर लोकांना बघायला खुलं आहे. लोक त्या दरवाजात उभे राहून फोटो काढतात. तिथला वॉचमन झुबेर दुपारी आत बसत नाही, फाटकाबाहेर उन्हात उभा राहतो. अनुपमाने त्याला एकदाच विचारलं, पावलं बाहेर जाताना दिसली का? तो नाही म्हणाला. रोज ओहोटीला येतात म्हणाला. येतात तेवढीच.

ती धनंजयला घेऊन पुन्हा गेली. त्याने पुन्हा नारळ ठेवला, पण तोंडातून शब्द निघेना.

"मॅडम, रजा दिलेल्याला परत कसं बोलवायचं, ते काकांनी नाय शिकवलं."

मग ती खात्यात गेली. म्हणाली, तो दरवाजा बुजवा, ओल येते, काहीही कारण लिहा. साहेबाने तिच्यासमोर संरक्षणाचे नियम ठेवले. या घरातला एकही दगड हलवता येणार नाही, एकही उघडी जागा बंद करता येणार नाही. अगदी पक्कं, कुठे पळवाट नाही. वाचायची गरज नव्हती. ते नियम अनुपमानेच लिहून दिले होते.