ब्रेकवरचा पाय

ही घटना खरी आहे. कुणाला घाबरवायला मी हे लिहीत नाही, घाबरलेली मीच आहे.

तारीख १३ एप्रिल २०१९. शनिवार, दुपारचे अडीच. रात्र नव्हती, अंधार नव्हता. मिशिगनमध्ये सॅगिनॉच्या बाहेर माझ्या सासऱ्यांचं घर आहे. त्या घराच्या गॅरेजमध्ये हे घडलं, दार सताड उघडं असताना.

गाडी माझ्या नवऱ्याची, ड्वेनची. सहासष्ट सालची, दणकट इंजिनाची मसल कार, दोन दारांची, गडद हिरवी. त्याने घरीच सहा वर्षं खपून ती उभी केली होती. माझ्यापेक्षा तिचेच लाड जास्त, असं मी चारचौघांत म्हणायची आणि तो हसायचा.

त्यातलं एक काम मात्र त्याला एकट्याने जमायचं नाही. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं. त्याला दोन माणसं लागतात. एक खाली चाकापाशी, एक वर पेडलवर. वरचं माणूस मी.

पेडल तीनदा दाबायचं आणि धरून ठेवायचं. मग खालचा माणूस स्क्रू सैल करतो. हवा आणि तेल नळीतून बाटलीत येतं आणि पेडल पायाखालून हळूहळू खाली जातं... स्क्रू परत आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही. उचलला तर तीच हवा परत आत जाते.

गॅरेजमध्ये रेडिओ मोठ्याने लागलेला असायचा, म्हणून ड्वेन ओरडायचा नाही. पाना आपटायचा.

एक टक म्हणजे धर.

दोन टक म्हणजे सोड.

१९९८च्या जूनमध्ये माझ्या बहिणीकडे पार्टी होती. मी नटूनथटून, बटाट्याच्या सॅलडचं भांडं हातात घेऊन निघाले होते, तेवढ्यात याची हाक आली.

"लोरी, पाचच मिनिटं गं!"

"तुझी पाच मिनिटं मला ठाऊक आहेत," मी म्हटलं.

तणतणतच बसले. तीन चाकं झाली. चौथ्या वेळी मी घड्याळ बघायला वळले आणि पाय उचलला गेला.

दोन टक व्हायच्या आधी.

"सोडलंस का?" खालून आवाज आला.

"नाही रे बाबा!"

"पेडल कसं लागतंय?"

पाय खाली जात होता. मऊ लागत होतं. पण खरं सांगितलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून...

"दगडासारखं," मी म्हटलं.

"बरं, तू हो पुढे. मी हिलाच घेऊन येतो."

हवा राहिली तरी दोनदा दाबलं की ब्रेक लागतो, म्हणून अंगणात त्याला कळलं नसणार. आमच्या घरापुढे उतार आहे आणि खाली हमरस्ता. उतारावर दोनदा दाबायला वेळ मिळत नाही. त्या काळच्या गाड्यांना ब्रेकची जोडणी एकच, गेला की चारही चाकांचा जातो.

खडीचा ट्रक होता. मी बहिणीकडे सॅलड वाढत होते.

गाडीत बियरचे रिकामे डबे सापडले. ड्वेन ते कापून त्यात नटबोल्ट ठेवायचा. त्याच्या रक्तात एक बियर निघाली आणि गावाने तिच्या सहा केल्या. पिऊन चालवत होता, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

मी गप्प बसले.

सासऱ्यांनी त्या दिवसापासून बियरला हात लावला नाही. "पहिली बियर मीच दिली होती त्याला," असं ते मला दर ख्रिसमसला सांगायचे. मी मान खाली घालून ताटाकडे बघत राहायची. माझी लाज वाटते मला.

आमची केल्सी तेव्हा चार वर्षांची होती. ती मोठी झाली आणि जाजांच्या, म्हणजे आजोबांच्या मागे लागून त्यांनी ताडपत्रीखाली ठेवलेली ती गाडी तिने बाहेर काढली. दोघांनी चार वर्षं खपून पुढचा सगळा भाग बदलला.

त्या शनिवारी फक्त ब्रेक उरले होते.

"आई, बस गं पेडलवर. जाजांचा पाय थरथरतो."

"पाय माझा थरथरतो आणि जीभ हिची," सासरे म्हणाले. "सकाळपासून बडबड चाललीय, काम शून्य."

मी नाही म्हणणार होते. पण कारण काय सांगणार?

बसले. एकवीस वर्षांनी त्याच सीटवर.

केल्सीने चारही चाकांना नळ्या जोडल्या, खाली बाटल्या ठेवल्या. मग तिच्या लक्षात आलं की ब्रेक ऑइल पुरणार नाही. "दहा मिनिटांत आले," म्हणत ती दुकानात पळाली. सासरे पिरोगी, म्हणजे त्यांच्या पोलिश करंज्या, तळायला घरात गेले.

मी एकटी. चार स्टँडवर उचललेल्या गाडीत.

समोरच्या झाडावरच्या पक्ष्यांचा आवाज येत होता. मग तो यायचा थांबला... गॅरेजच्या कोपऱ्यातल्या फ्रिजची घरघरही थांबली...

टक.

मागच्या उजव्या चाकापाशी.

"केल्सी?"

आणि माझा पाय... माझा पाय आपोआप पेडलवर गेला होता. तीनदा दाबून धरून बसला होता.

पेडल हळूहळू खाली जायला लागलं.

कुणीतरी स्क्रू सैल केला होता.

मी दारातून वाकून खाली पाहिलं. गाडीखाली कुणी नव्हतं. नुसता सिमेंटचा कोबा. पण मागच्या बाटलीत काळपट तेल उतरत होतं, बुडबुडे येत होते...

टक टक.

मी सोडलं.

मग मागचं डावं चाक. मग पुढचं उजवं. लांबचं आधी, जवळचं शेवटी, हा ड्वेनचा नियम. आवाज एकेक चाक करत माझ्याकडे येत होता. मला पळायचं होतं, पण पाय उचलायची हिंमत नव्हती. आता तरी नाही.

शेवटी पुढचं डावं. माझ्या गुडघ्यापाशीच.

टक.

मी दाबून धरलं. पेडल तळाला गेलं.

पुढे काही नाही...

दोन टक होईनात. पोटरीत गोळा आला, घामाने चष्मा घसरला. खाली कुणीतरी वाट बघत होतं. आणि कशाची, ते मला कळलं.

"मऊ होतं, ड्वेन," मी म्हटलं. "त्या दिवशी मऊ होतं. मी पाय आधी उचलला होता. मला घाई होती, मी खोटं बोलले. तू प्यायला नव्हतास. मला सगळं माहीत होतं आणि मी गावाला बोलू दिलं."

टक टक.

मी पाय उचलला आणि रडायला लागले. मग वर पाहिलं.

गॅरेजमधून घरात जाणाऱ्या दारात सासरे उभे होते. हातात पिरोगीचं ताट.

"बाबा..."

"एकवीस वर्षं," ते म्हणाले. "एकवीस वर्षं मी पोराच्या कबरीवर जाऊन त्याला शिव्या घालतोय."

त्यांनी ताट बाकावर ठेवलं आणि आत गेले. आतून कडी लागली.

केल्सी परत आली तेव्हा चारही स्क्रू आवळलेले होते. बाटल्या भरलेल्या. पेडल दगडासारखं. आणि ब्रेक ऑइलची टाकी काठोकाठ, एक थेंब कमी नाही.

"हे कुणी केलं? जाजांना तर वाकता येत नाही!"

"त्यांनीच केलं," मी म्हटलं.

पुन्हा खोटं.

सासरे रविवारी जेवायला यायचे बंद झाले. केल्सी विचारते, मी गुडघे दुखतात म्हणून सांगते. एकदा त्यांचा फोन आला होता. "पोरीला तू सांगणार आहेस, की मी मरायची वाट बघतेस?" एवढंच बोलून ठेवून दिला.

केल्सी बियर पीत नाही. "मला बाबांसारखं नाही व्हायचं," असं ती मैत्रिणींना सांगते. माझ्यासमोर सांगते.

ते काम ड्वेनने पोरीसाठी केलं, इतकं मला कळतं. माझ्यासाठी नाही. मी बोलले म्हणून त्याने मला माफ केलं असेल, असं काही दिवस वाटलं होतं. आता वाटत नाही.

कारण गेल्या रविवारी केल्सी मला त्याच गाडीतून चक्कर मारायला घेऊन गेली. मी तिच्या शेजारी बसले होते. घरापुढचा उतार आला तसा माझा उजवा पाय सवयीने पुढे दाबला गेला. तिथे पेडल नाही, नुसता पत्रा आणि गालिचा.

पण पायाखाली काहीतरी होतं...

आणि ते हळूहळू खाली जात होतं.

"आई? पांढरी पडलीस गं. काय झालं?"

तोंडापर्यंत आलं होतं सगळं.

"काही नाही," मी म्हटलं.