सळईचं दुसरं टोक

प्रविणचा ट्रक डिसेंबरपासून मागून ओरडायला लागला होता. जुनी गाडी, आवाज करायचीच, पण हा आवाज हट्टी होता. अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला की गाडी गुमान चालायची. पाय उचलला रे उचलला की मागच्या अ‍ॅक्सलमधून ऊंऽऽ असा घुमारा सुरू व्हायचा. शेजारच्या शुक्राला तो वळणापलीकडूनच ऐकू यायचा. "आली प्रविणची म्हैस रेकत," असं तो सगळ्यांना सांगायचा.

हसायला तेवढंच निमित्त होतं. नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीच्या त्या पट्ट्यात जमीन हादरत होती. आधी खोल कुठेतरी गडगडायचं, मग धक्का. धुंदलवाडीच्या अलीकडे प्रविणचा पाडा. तिथे एकाही घराची भिंत धड राहिली नव्हती. सरकारी माणसं आली, यंत्रं लावून गेली, तंबू वाटून गेली. २०१९ उजाडलं तरी लोक अंगणातच झोपत होते. घरात पाय टाकायचा तो स्वयंपाकापुरता. प्रविणच्या बायकोने, सुनिताने, चुलीजवळ स्टीलचे पेले एकावर एक रचून ठेवले होते. ते किणकिणले की हातातलं टाकून बाहेर पळायचं.

आणि तिला पळता येत नव्हतं. आठवा महिना लागला होता. आधीचं एक पोर पोटातच गेलं होतं, त्यानंतर बरीच वर्षं काही नाही, आणि आता हे. प्रविण देवाला फारसा विचारणारा माणूस नव्हता, पण या पोराच्या बाबतीत तो पार हळवा झाला होता. सुनिताच्या आईचा, बायजीचा, झाईहून निरोपावर निरोप येत होता. पोरीला इकडे आणून सोड, समुद्राकाठी जमीन हलत नाय. निरोपाबरोबर तिने एक विळाही पाठवला होता, उशाखाली ठेवायला. गरोदर बाईच्या अंगाजवळ लोखंड असलं की वाईट काही शिरत नाही. सुनिता विळा उशाशी ठेवायची आणि पदराच्या गाठीत एक खिळाही बांधून फिरायची.

एसटीत किंवा भरलेल्या जीपमध्ये तिला कोंबायला प्रविण तयार नव्हता. ट्रकच्या केबिनमध्ये गादी टाकून, सावकाश, तो स्वतः नेणार होता. पण अ‍ॅक्सल वाटेत जाम झाला तर? म्हणून एका सकाळी त्याने अंगणातच ट्रकचं मागचं अंग जॅकवर उचललं, खाली लाकडाचे ठोकळे दिले आणि मागची चाकं काढली.

खोलण्याआधी आवाज नेमका कुठला ते कळायला हवं होतं. त्याला उपाय जुनाच. लांब लोखंडी सळईचं एक टोक अ‍ॅक्सलला लावायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. बिघडलेला भाग तिथे लगेच बोलतो. पण त्याला दोन माणसं लागतात, एक केबिनमध्ये आणि एक मागे. शुक्रा उंबरगावला कामावर गेला होता.

"मी बसते," सुनिता म्हणाली.

ती ट्रकच्या मागच्या कोपऱ्याशी उलट्या घमेल्यावर बसली. सळई अ‍ॅक्सलच्या मधल्या गोल डब्यापर्यंत पोचत होती, पण दुसरं टोक कानापर्यंत न्यायला तिला वाकता येईना.

"राहू दे मग. शुक्रा आल्यावर बघू," प्रविण म्हणाला.

"थांब. असा कळतंय." तिने पदराची घडी करून पोटावर ठेवली आणि सळईचं टोक त्यावर टेकवलं.

प्रविण चटकन पुढे झाला. "पोटावर नको गं."

"लोखंडच हाय ना? आईचा विळा चालतो, मग याला काय झाला?"

तो केबिनमध्ये चढला, इंजिन चालू करून गिअर टाकला, वेग वाढवला आणि पाय उचलला.

"आला!" ती मागून ओरडली. "मधून येतंय. कडेचा नाय."

त्याने परत वेग वाढवला, परत पाय उचलला. आरशात त्याला ती दिसत होती, डोळे मिटून, दोन्ही हातांनी सळई धरलेली. पोर पोटात फिरतंय, असं ती सांगत होती आणि हसत होती. इतक्या महिन्यांत ती हसलीच नव्हती. केवळ त्या हसण्यासाठी, काही गरज नसताना, त्याने आणखी एकदा पाय उचलला.

तेवढ्यात जमिनीत गडगडलं.

घरात पेले कोसळले. ट्रक ठोकळ्यांवर हलला. प्रविणने किल्ली ओढून काढली आणि खाली उडी मारली. गाडी तिच्या अंगावर आली असती! पण ठोकळे टिकले, हादरा विरला, धूळ खाली बसली. सुनिता जागची हललीही नव्हती.

"ऊठ! ऊठ आधी तिथनं!"

"थांब रे." तिचे डोळे मिटलेलेच होते. "अजून येतंय. पाय उचललास ना?"

तो तिच्या शेजारी उभा होता. किल्ली त्याच्या हातात होती. अ‍ॅक्सलच्या टोकांचे, चाकं बसतात ते ड्रम केव्हाच थांबले होते.

त्याने तिच्या हातातून सळई काढून घेतली आणि कानाला लावली. काहीच नव्हतं. भर उन्हात सळई गार लागली.

दुपारी त्याने अ‍ॅक्सल खोलला. तेल स्वच्छ होतं. दाते अखंड होते, बेरिंगं लोण्यासारखी फिरत होती. तलासरी नाक्यावरचा नविन नावाचा मेकॅनिक मोटारसायकलवरून येऊन सगळं बोटांनी चाचपून गेला. "यात बदलायचा काय?" तो म्हणाला. "आवाज येतो कुठनं तुझा?"

जे निघालं होतं तेच प्रविणने परत बसवलं. संध्याकाळी गाडी हायवेवर काढली, वेग दिला, पाय उचलला. गाडी गप्प. पुन्हा पाहिलं. गप्पच. नविन म्हणाला, नीट आवळल्यामुळे गेला असेल. प्रविणनेही तेच धरून ठेवलं.

पुढच्या दिवसांत पाड्यावर हादराही आला नाही. शुक्रा म्हणाला, म्हैस गेली ती जाताना सगळंच घेऊन गेली.

सुनिता मात्र गप्प झाली. तंबूत खाटेवर झोपताना ती एक पाय खाली सोडायची, तळवा जमिनीला टेकवून. प्रविणने उचलून वर ठेवायला हात लावला की दचकून जागी व्हायची.

"असाच बरा वाटतंय," एवढंच म्हणायची.

झाईला निघाले तेव्हा केबिनमध्ये गादी होती, तरी ती आडवी झाली नाही. सीटच्या कडेला बसून उजवा पाय तिने खालच्या पत्र्यावर दाबून धरला होता, तिच्या बाजूलाही अ‍ॅक्सिलरेटर असल्यासारखा. उतारावर, वळणावर, रेल्वेच्या फाटकात गाडी थांबली तेव्हाही तो पाय ढळला नाही. पोटरीची शीर ताठ झाली होती. प्रविणने पाहिलं आणि नजर रस्त्यावर वळवली. त्याला विचारायची भीती वाटली.

बायजीने दारातच लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. घरात सुक्या मासळीचा वास होता, मागून समुद्राची गाज येत होती. भिंतीला एक भेग नव्हती. फळीवर पेल्यांची रांग लागलेली होती. प्रविणला फार दिवसांनी मोकळा श्वास घेता आला.

"किती सुजलेत गो पाय! वर घे बघू," लेकीला खाटेच्या कडेवर बसवत बायजी म्हणाली.

सुनिताने प्रविणकडे पाहिलं. "नको आये."

"नको कसा?" बायजीने खाली वाकून तिचे दोन्ही पाय धरले आणि उचलून खाटेवर ठेवले.

ऊंऽऽ

फळीवरचे पेले किणकिणायला लागले.

बायजीने दाराकडे मान वळवली. "कुणाची गाडी आली?"

ट्रक बाहेर बंद उभा होता. किल्ली प्रविणच्या मुठीत होती.

त्याने पुढे होऊन सुनिताचा पाय ओढला आणि दोन्ही हातांनी जमिनीवर दाबून धरला. आवाज थांबला. पेले थांबले. सुनिता पोटावर हात ठेवून रडत होती.

"सोड की जावई, अजून सुजंल," बायजी म्हणाली. "कळा लागल्या की वरच घ्यायचे हायत."

प्रविणने पाय सोडला नाही.