गप्प बसलेला फ्रिज

चंद्रम्माची कोकरं मेली, हे भालकीजवळच्या मेहकरात सकाळी चहाच्या वेळी कळलं. लस टोचलेलीच मेली होती. रूपाचे वडील काशाप्पा आपल्या दुकानाच्या गल्ल्यावरूनच म्हणाले, "कोवळा चारा बेसुमार घातला असंल म्हातारीनं. लसीचा काय दोष?"

पायरीवर चंद्रम्माची नात तुळजा उभी होती. ती जायला वळली. रूपाला मान वर करवेना, कारण लस त्यांच्याच दुकानात, सोड्याच्या बाटल्यांच्या फ्रिजमध्ये ठेवलेली असायची. गावात दुसरा फ्रिज नव्हता.

सुट्टीला उदगीरहून आलेला तिचा आतेभाऊ बंटी म्हणाला, "तोंड कामून पाडलीस? फ्रिजच बघू की. तुळजे, तू बी ये."

"आमची आजी चुकली न्हाई," तुळजा म्हणाली. "तेवढं कळलं की मी जाते."

काशाप्पा जेवायला गेले आणि तिघं आत शिरली. तेवढ्यात फ्रिजची घरघर थांबली. सवयीनं रूपाचा हात आतल्या, थंडी कमी-जास्त करायच्या गोल बटणाकडे गेला.

"काय करायलीस?" बंटीनं विचारलं.

"बंद पडलाय. गप्प झाला की बटण पुढं सरकवायचं, अप्पांनी सांगितलंय."

"बंद पडलाय तर आतला दिवा कसा जळायलाय?" तुळजा म्हणाली.

बंटीनं बटण मध्यावर आणलं. जनावरांच्या डॉक्टरांनी आत ठेवलेल्या तापमापकाचा पारा आजवर कुणी बघितलाच नव्हता. आता तिघं दार किलकिलं करून तोच बघत बसली. घरघर सुरू झाली की पारा उतरायचा. पुरेसा उतरला की घरघर आपोआप थांबायची. मग पारा हळूहळू चढायचा, आणि जरा चढला की पुन्हा घरघर. बटणाला कुणी हात लावला नव्हता.

"आमच्या कुत्र्यासारखं हाय हे," तुळजा म्हणाली. "मेंढरं लांब गेली तरच उठतंय. जवळ आली की बसतंय. बसलं म्हणून त्याला काठी मारायची व्हय?"

बंटी हसला. रूपाला हसू आलं नाही. बंटीनं हलवायच्या आधी बटण पार शेवटाला गेलेलं होतं, आणि मागच्या बाटलीत अजून बर्फ होता. तिथंच लसीचा डबा होता. त्यावर छापलं होतं, गोठवू नका. लाईट गेली की गोठलेली लसही वितळायची, म्हणून टोचताना कुणाला संशय आला नव्हता.

जेवून काशाप्पा परतले, सोबत जनावरांचे डॉक्टर होते. रूपा डबा घेऊन पुढं झाली. ती बोलली, "अप्पा, लस गोठली होती. गप्प झाला की बटण मीच फिरवत होते."

डॉक्टरांनी डबा पाहिला. "गोठलेली लस टोचली काय अन् न टोचली काय, सारखंच. रोगानं कोकरं गेली ती म्हणूनच. हुशार आहात पोरांनो. हा पारा मी बघायला पाहिजे होता."

शाबासकी ऐकून रूपाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काशाप्पा पुसलेलाच गल्ला पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी भालकीहून नवी लस आली आणि उरलेल्या कोकरांना टोचली. रूपानं चंद्रम्माचे पाय धरले. काशाप्पा मात्र अजून तिच्या दारात गेलेले नाहीत.