सातवी पिशवी

विश्राम ढवळे डोळे मिटून बसले होते. नाकाशी ब्राउन शुगरची उघडी कुपी, डोक्यावर स्मृतिवाहक टोपी. शेजारच्या खुर्चीत तशीच टोपी घातलेली हवालदार शाहीन मुलाणी. लष्कराच्या या अमली पदार्थविरोधी विद्यालयात पोलिसांना वास शिकवत नसत; अकरा वर्षं व्यसनात काढलेल्या ढवळ्यांच्या मेंदूतून तो थेट देत असत.

"आठवण जागी झाली की काही क्षण सैल पडते," मेजर डॉक्टर बर्वे म्हणाल्या. "तेवढ्यात आम्ही तिचा एक अंश उचलून तुमच्यात बसवतो."

"काकांचा तेवढा भाग भरून येतो का, मॅडम?" शाहीनने विचारलं.

"यायला हवा."

"अकरा वर्षांचा साठा आहे," ढवळे डोळे न उघडता म्हणाले. "खुशाल घे."

विद्यार्थी त्यांना 'हेडनाक' म्हणत. व्यसन सुटून सहा वर्षं झाली होती, पण ते विद्यालयाच्या फाटकाबाहेर गेले नव्हते. मिरजेत त्यांच्या घराच्या कोपऱ्यावरच माल विकला जाई. तिथून जाताना पाय थांबतील, अशी भीती. बायको दर रविवारी फोन करून घरी बोलावत असे. ते पुढचा महिना सांगत.

अंतिम परीक्षेला मैदानात बारा पिशव्या मांडल्या होत्या, माल त्यातल्या एकीतच. प्रथेप्रमाणे ढवळे आधी रांगेवरून फिरून उत्तर चिठ्ठीवर लिहीत. या वेळी ते दोनदा फिरले आणि त्यांनी कोरी चिठ्ठी दिली. शाहीन सातव्या पिशवीपाशी थांबली. मेजरांनी ती फोडली. आत माल होता.

ढवळ्यांनी पिशवी घेऊन खोल श्वास घेतला.

"आंबूस वास येतोय," ते म्हणाले. "बाकी काहीच होत नाही."

मेजरांनी माफी मागितली. वास आणि ओढ ही एकच आठवण होती. उचललेले अंश भरून आलेच नव्हते. शाहीनने विचारलं, मग ती ओढ आता आमच्यात आहे का? मेजर म्हणाल्या, आहे, पण आजवरच्या तीनशे विद्यार्थ्यांत वाटलेली. ओळखण्यापुरती. अडकण्याइतकी नाही.

ढवळे शाहीनसमोर येऊन उभे राहिले. "तुझा वाटा नीट ठेव, पोरी. मला एकट्याला झेपत नव्हता. फार उपकार झाले तुम्हा सगळ्यांचे."

पुढच्या तुकडीला नाक कुठून आणायचं, हे मेजर स्वतःशीच पुटपुटल्या.

"आमच्या कोपऱ्यावर आठ जण नशेत बसलेले असतात, बायको सांगते," ढवळे म्हणाले. "आधी घरी जेवतो. मग त्यांना घेऊन येतो."